दुर्बीणबाई आणि बाहेरची वही

आपल्याला 'दुर्बीण' हे नाव कोणी ठेवलं, याचा तपास बाई बावीस वर्षं करत होत्या. संशय तीन तुकड्यांवर होता. त्या तुकड्यांतली पोरं आता स्वतः आईबाप झाली होती, कुणाकुणाला टक्कल पडलं होतं, तरी तपास बंद झाला नव्हता. रस्त्यात एखादा जुना विद्यार्थी भेटला, वाकून नमस्कार करून "ओळखलंत का बाई?" म्हणाला, की बाई आधी त्याच्या डोळ्यांत बघायच्या आणि मनाशी म्हणायच्या, हाच तो असणार.

शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, पण पगार भूगोलाचा आणि जीव परीक्षेत अशी गत होती. परीक्षाप्रमुख म्हणून त्यांची कीर्ती आसपासच्या शाळांत पोचलेली. पेपर चालू असताना त्या बाकांमधून चालायच्या नाहीत. भिंतीला पाठ लावून मागे उभ्या राहायच्या. पुढे उभं राहिलं की पोरांना आपण दिसतो, मागे उभं राहिलं की दिसत नाही पण मानेला जाणवतो, असं त्यांचं शास्त्र होतं. नव्या शिक्षकांना त्या हे शास्त्र मनापासून शिकवायच्या आणि नवे शिक्षक दोन दिवसांत विसरून खुर्चीत बसायचे.

हा स्वभाव जन्माचा नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वर्गात एक गोड मुलगा होता. बाईंना पाणी आणून देणारा, फळा पुसणारा. तपासणीला आलेल्या साहेबांना त्याचा संशय आला, तेव्हा बाई पुढे होऊन म्हणाल्या, "याची हमी मी देते." साहेबांनी त्याच्या पाण्याच्या बाटलीचा कागद सोलला. आतल्या बाजूला अख्खं इतिहासाचं पुस्तक मुंगीच्या अक्षरांत उतरलेलं. सगळ्या हॉलसमोर साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही पर्यवेक्षक आहात की प्रेक्षक?" दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाई त्या दिवसापासून पाणीही फुंकून पिऊ लागल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी 'बाहेरची वही' सुरू केली. पेपर चालू असताना जो कोणी हॉलच्या बाहेर जाईल, त्याची नोंद. कोण, कोणत्या हॉलमधून, किती वाजता गेला, किती वाजता आला, कारण काय सांगितलं, आणि शेवटचा रकाना 'मत'. मताच्या रकान्यात सुरुवातीला 'संशयास्पद' असं पूर्ण लिहिलेलं असायचं. पुढे हात दुखायला लागला तेव्हा नुसतं 'सं.' उरलं. अशा अकरा वह्या भरल्या होत्या. परीक्षेच्या कपाटाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली बाईंच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असायची.

या वर्षी शाळेने समुपदेशक नेमल्या. वयाने बाईंच्या निम्म्या, आवाज मऊ, पायात आवाज न करणाऱ्या चपला. त्या चपलांपासूनच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांना खोली दिली ती स्टेशनरीच्या कोठीला लागून. खोलीत चार खुर्च्या आणि एक सतरंजी. टेबल नाही. टेबल नसलेल्या खोलीत काय काम होणार, असं बाईंनी शिक्षकांच्या खोलीत दोनदा विचारलं. समुपदेशक मुलांना श्वास घ्यायला शिकवतात असं कळलं तेव्हा तर बाईंनी हातच टेकले. "इतकी वर्षं पोरं काय श्वास न घेता शिकत होती?" त्यांनी समुपदेशकांचं नाव 'श्वासवाल्या' ठेवलं. नावं ठेवणाऱ्यांचा तपास करणाऱ्या बाईंना आपण काय केलं हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

श्वासवाल्यांनी काही निवडक मुलांना निळी कार्डं दिली. कार्ड दाखवलं की मुलाने पाच मिनिटं बाहेर जायचं आणि शिक्षकांनी कारण विचारायचं नाही. परीक्षेतसुद्धा.

"कारण विचारायचं नाही?" बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "सर, हा तर परवानाच झाला. उद्या पोरं बाहेर जाऊन पुस्तक वाचून येतील आणि आपण दार धरून उभे राहू."

"वरून आलंय बाई," मुख्याध्यापक म्हणाले. कोणताही प्रश्न टाळायचा असला की ते वर बोट दाखवायचे, आणि वर फक्त पंखा होता.

बाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. मधल्या सुट्टीनंतर त्या कोठीत शिरल्या, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर चढल्या आणि झरोक्याला कान लावला. साठीला टेकलेली बाई गठ्ठ्यावर चवड्यांवर उभी, हे दृश्य कुणी पाहिलं असतं तर वहीत पहिली नोंद त्यांचीच करावी लागली असती. पलीकडून श्वासवाल्यांचा आवाज येत होता.

"छातीत धडधडतं, हात गार पडतात, पोटात ढवळतं. बरोबर? हे काही तुम्ही कच्चे आहात म्हणून होत नाही. शरीराला वाटतं संकट आलं, म्हणून ते तयारी करतं. कुकरची शिट्टी झाली म्हणजे कुकर फुटला असं नसतं ना? वाफ बाहेर पडते, इतकंच. आपण ती वाफ सावकाश सोडायला शिकू."

मग मुलांनी एक ते चार, एक ते सहा असं हळू आवाजात मोजलं. मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण भीतीचा विचार डोक्यातून जातच नसेल तर?"

"तर तो कागदावर लिहायचा. जसा असेल तसा, लाज न बाळगता. आणि फाडून टाकायचा. तो कागद कोणालाही दाखवायचा नाही, मलासुद्धा."

गठ्ठ्यावरून उतरताना बाईंच्या डोक्यात एवढंच उरलं होतं: आकडे मोजतात, कागदावर लिहितात आणि फाडून टाकतात. इतकी सरळ कबुली त्यांना बावीस वर्षांत ऐकायला मिळाली नव्हती.

सराव परीक्षेचा गणिताचा पेपर आला. ही परीक्षा पास झालं तरच बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म पुढे जायचा. हॉलमध्ये मागे भिंतीला पाठ लावून बाई उभ्या होत्या आणि तिसऱ्या ओळीत टेलरबाईंची मुलगी बसली होती.

टेलरबाईंचं दुकान शाळेच्या समोरच होतं. अर्ध्या शाळेचे गणवेश त्याच शिवायच्या, पोरांची मापं त्यांना तोंडपाठ. त्यांची मुलगी वर्गात गणितं फळ्यावर धडाधड सोडवायची आणि पेपरात जेमतेम काठावर यायची. बाईंना हे कोडं छळायचं. वर्गात येतं आणि पेपरात येत नाही, याचा अर्थ वर्गात कोणीतरी मागून सांगतं, असा निष्कर्ष त्यांनी काढून ठेवला होता. तो सिद्ध करायचं तेवढं राहिलं होतं.

पेपर सुरू होऊन अकरावं मिनिट लागलं आणि निळं कार्ड वर आलं. मुलगी गेली, सहा मिनिटांनी आली. परत अर्ध्या तासाने गेली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा बाईंनी हॉल शेजारच्या शिक्षकांवर सोपवला आणि चपला हातात घेऊन तिच्या मागे गेल्या.

बाथरूमच्या दाराआड नळ चालू होता. आत मुलगी पुटपुटत होती. "एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." बाईंनी दार ढकललं. मुलगी बेसिनशी उभी. चेहरा ओला, बाह्या ओल्या, आणि उजव्या मुठीत कागदाचा कोपरा दिसत होता.

"दे तो इकडे."

मुलीने मान हलवली.

"दे म्हणते ना."

मुलीने बाईंकडे पाहिलं, मूठ नळाखाली धरली आणि पाण्यात उघडली. कागदाचा लगदा झाला, निळी शाई बेसिनमधून वाहून गेली. बाईंनी हात घातला तोवर हाताला नुसता चोथा लागला. त्या दिवशी मताच्या रकान्यात बाईंनी पहिल्यांदा 'सं.' सोडून वेगळं काही लिहिलं. 'पुरावा नष्ट केला.'

चौकशी गुरुवारी ठरली. कॉपी सिद्ध झाली तर फॉर्म पाठवायचा नाही, म्हणजे वर्ष गेलंच. फॉर्मची मुदत पुढच्या शनिवारी संपत होती. मुलगी कुणालाच काही सांगेना, आईलासुद्धा नाही. टेलरबाई दुकान अर्धं उघडं टाकून शाळेत आल्या. गळ्यात मोजपट्टी तशीच, बोटांना कापडावरच्या खडूची पांढरी पूड.

"बाई, माझी पोरगी कटिंगच्या टेबलावर खडूने गणितं सोडवते. गिऱ्हाईकाचं कापड ठेवायला जागा उरत नाही. ती कॉपी कशाला करेल?"

"पुराव्याशिवाय मी बोलत नाही," बाई म्हणाल्या.

"तिला विचारा तुम्ही. मी आड येत नाही. फक्त जरा लांबून विचारा."

लांबून म्हणजे काय, हे बाईंना कळलं नाही. आई काहीतरी लपवतेय, अशी त्यांनी नोंद घेतली.

बुधवारी दुपारी श्वासवाल्या परीक्षेच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या वह्या बघू का?" बाईंना आनंदच झाला. सावज स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं. त्यांनी कपाट उघडून अकराच्या अकरा वह्या टेबलावर ठेवल्या. श्वासवाल्या दोन तास वाचत होत्या आणि बाई समोर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवत होत्या, न जाणो एखादं पान फाडलं तर.

"एक विचारू?" श्वासवाल्या म्हणाल्या. "मला यातलं कळत नाही, तुम्हाला कळतं. कॉपी करणारं मूल हॉलमधून केव्हा उठतं?"

असा प्रश्न बाईंना आयुष्यात कोणी आदराने विचारला नव्हता. त्या खुलल्या. "अर्ध्या तासाच्या आत कधीच नाही. आधी तो पूर्ण पेपर वाचतो. काय येतं, काय येत नाही, ते बघतो. येत नाही त्याच्यासाठीच तर जायचं ना? मग शांतपणे उठतो, घाई करत नाही. आणि परत आला की बसल्या बसल्या लिहायला लागतो, विसरायच्या आत."

"मग ही मुलं?"

त्यांनी बोट ठेवलं. नववं मिनिट. अकरावं. दहावं. बाईंनी वही ओढून घेतली, चष्मा चढवला आणि पानं उलटायला लागल्या. कारणं त्यांच्याच अक्षरात होती. पाणी. पोट. उलटी. पाणी. उलटी. बहुतेक सगळी पहिल्या पंधरा मिनिटांतली, म्हणजे पेपर धड वाचूनही झालेला नसतानाची. बावीस वर्षांत त्यांनी कॉपी करणारे चौघे पकडले होते. चौघेही बाकावर. बाहेरच्या वहीत त्यांतल्या एकाचंही नाव नव्हतं.

"म्हणजे ही पोरं जास्त हुशार," बाई म्हणाल्या. आवाजात मात्र नेहमीचा जोर नव्हता.

श्वासवाल्या सावकाश म्हणाल्या, "पेपर हातात पडला की काहींच्या शरीराला वाटतं, समोर वाघ आला. वाघ नसतो, पण धाप खरी असते. दहा मिनिटं ती मुलं कशीबशी काढतात. मग उठावंच लागतं."

"आणि हे?" बाईंनी दुसरं पान पुढे सारलं. आता त्या वकिली करत होत्या, पण कुणाची ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "ड्रॉइंग सरांच्या हॉलमधून कोणीच उठत नाही. तुमची ती मुलगीही भाषेच्या पेपराला त्यांच्याच हॉलमध्ये होती, एकदासुद्धा उठली नाही. का? सर खुर्चीत झोपतात. तिथे बसल्या जागी कॉपी करता येते, बाहेर जायची गरजच नाही."

श्वासवाल्यांनी त्या पानाकडे पाहिलं, मग बाईंकडे. काही बोलल्या नाहीत. गप्प बसणाऱ्या माणसाचा बाईंना सगळ्यांत जास्त संशय यायचा. वह्या आवरताना त्यांनी तीन वेळा वळून विचारलं, "काय, बोला ना." श्वासवाल्या म्हणाल्या, "बोलायचं ते त्या मुलीने बोलायला हवं. मलाही ठाऊक नाही तिने काय लिहिलं होतं."

संध्याकाळी घरी चहाबरोबर बाईंनी नेहमीप्रमाणे बिस्किटांचा डबा तपासला. नवऱ्याला साखरेचा त्रास, म्हणून डबा मोजलेला. दोन कमी होती.

"अहो, खरं सांगा."

नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. तो म्हणाला, "खाल्ली. जिन्यात उभा राहून खाल्ली."

"जिन्यात? दोन बिस्किटं खायला जिन्यात?"

"डॉक्टरांनी दोन खा म्हणून सांगितलंय, तुझ्यासमोरच सांगितलं. पण तू बघत असलीस की हक्काचं बिस्किटही चोरीचं वाटतं. घशाखाली उतरत नाही." तो हे चिडून बोलला नाही. इतक्या वर्षांत सवय झालेल्या गोष्टीबद्दल माणूस बोलतो तसं बोलला आणि वर्तमानपत्र उघडलं. बाईंचा चहा कपातच निवला.

गुरुवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत पाच जण होते. मुख्याध्यापक, श्वासवाल्या, टेलरबाई, त्यांची मुलगी आणि वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतलेल्या बाई. मुलीने नजर फरशीवर लावली होती ती वर उचलली नाही.

"बाळ, कागदावर उत्तरं होती का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही सर."

"मग काय होतं?"

मुलगी गप्प. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, तरी गप्प. मुख्याध्यापक घड्याळाकडे बघायला लागले. "तू सांगणार नसशील तर माझाही नाइलाज आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची माझी इच्छा नाही, पण संन्याशाने तोंड तरी उघडायला हवं."

बाई मुलीकडे बघत होत्या. पकडण्याची त्यांची नजर होती आणि ती त्यांना थांबवता येत नव्हती. मुलगी मुख्याध्यापकांशी बोलताना सरळ बसत होती. आईचा हात लागला की तिचे खांदे सैल पडत होते. बाईंच्या खुर्चीचा नुसता आवाज झाला तरी तिची मान आत जात होती. ड्रॉइंग सरांच्या हॉलमध्ये एकदाही नाही, बाईंच्या हॉलमध्ये तीनदा. बाथरूममध्ये बाईंकडे बघून मगच तिने मूठ उघडली होती. बावीस वर्षांचा अनुभव फुकट जात नसतो. धागेदोरे जुळायला लागले की बाईंना आतून कळायचं, तसं ते आताही कळलं. फक्त या वेळी त्यांना ते कळायला नको होतं.

"माझ्याबद्दल होतं का?" त्यांनी विचारलं.

मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली.

"काय लिहिलं होतंस? मी रागावणार नाही."

मुलगी आईला बिलगून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "बाई मागे उभ्या आहेत. मी काही केलं नाही, तरी त्या मला पकडणार आहेत."

बाईंनी मांडीवरच्या वह्या घट्ट धरल्या. या पोरीवर आपण संशय घेतला याचं त्यांना एवढं वाटलं नाही. पण त्या अकरा वह्यांमधल्या प्रत्येक 'पाणी' आणि प्रत्येक 'उलटी'च्या शेवटी आपण आपलंच नाव लिहायला हवं होतं की काय, या विचाराने त्यांना घाम फुटला. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, "सर, माझी तक्रार मी मागे घेते. कॉपी नाही. कॉपीसाठी अकराव्या मिनिटाला कोणी उठत नाही. मला हे आधी कळायला हवं होतं."

मुख्याध्यापकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सोमवारी नवा पेपर काढून मुलीची परत परीक्षा घ्यायची ठरली. "आणि सुपरव्हिजनला तुम्हीच राहा बाई," ते उत्साहाने म्हणाले. "तुमच्या नजरेखाली पास झाली तर कोणाची बोट दाखवायची हिंमत होणार नाही."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी तो पाहिला.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "ड्रॉइंग सर राहतील."

"अहो, पण ते झोपतात अशी तक्रार तुम्हीच—"

"झोपू देत."

सोमवारी बाई वेळेवर शाळेत आल्या. सीलबंद पेपर ड्रॉइंग सरांच्या हातात दिला आणि व्हरांड्यात उभ्या राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की व्हरांड्याच्या काचेतून आपली सावली हॉलमध्ये पडते. त्या जिन्यापर्यंत आल्या. जिन्यातून आपल्या चपलांचा आवाज वर जातो, तोही पोरं ओळखतात. त्या खाली उतरल्या, मैदान ओलांडून थेट फाटकाशी गेल्या आणि वॉचमनच्या बाकावर टेकल्या.

"बाई, वर पेपर चालू आणि तुम्ही इथं?" वॉचमनने डोळे विस्फारले.

"आज माझी ड्यूटी इथंच आहे."

दोन तास त्या बसून होत्या. संशय काही एका दिवसात जात नाही. अकराव्या मिनिटाला त्यांनी घड्याळ पाहिलं. आता सर घोरत असतील. आता कोणी खिडकीतून काही टाकत असेल. आता ती उठली असेल. दोनदा त्या उभ्या राहिल्या आणि दोनदा परत बसल्या. काय चाललंय ते दिसत नसताना नुसतं बसून राहणं इतकं अवघड असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तळहात गार पडले होते, पोटात ढवळत होतं.

घंटा झाली. ड्रॉइंग सर आधी खाली आले, डोळे चोळत.

"किती वेळा उठली?" बाईंनी विचारलं.

"एकदाही नाही. मीच उठलो, पाणी प्यायला."

मागून मुलगी आली. फाटकाशी बाई दिसल्या तशी तिची पावलं मंदावली. मग ती जवळ आली, उभी राहिली, आणि बाईंनी काही विचारलेलं नसताना, एक शब्द बोललेला नसताना, तिने कंपासपेटी उघडून पुढे धरली. मग दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि हात उलटेसुलटे करून दाखवले.